आखणीचा हात

पेणच्या त्या कारखान्यात गणपतीला रंग कुणीही देई, पण डोळे काढायचे ते चंद्रावतीनंच. या कामाला आखणी म्हणतात. गेल्या वर्षापासून तिचा हात थरथरू लागला, आणि यंदा आखणी जमली नाही तर ब्रश कायमचा खाली ठेवायचा, असं तिनं जाहीर करून टाकलं. बाई एकदा बोलली की बोलली.

तिची लेक नमिता रोह्याला एका कंपनीत यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायची. तिनं आईच्या ब्रशला एक मूठ बनवली. मुठीतला सेन्सर थरथर मोजायचा, छोटी मोटर ब्रशला उलट ढकलायची, आणि मधला चिमुकला कॉम्प्युटर दोघांशी तारेवरून बोलायचा. कागदावर सगळं झकास! प्रत्यक्षात पहिलीच रेघ भुवईपासून गालापर्यंत घसरली. मूर्ती तडा गेलेली, टाकाऊ होती म्हणून निभावलं.

"माझा हात तरी बरा होता गो," चंद्रावती म्हणाली.

नमिताला ते फार लागलं. रोह्याच्या गाडीतही तिच्या डोक्यात तेच घोळायचं. शेवटी चूक सापडली, आणि ती तिचीच होती. सेन्सरचा आकडा हातात आला की तिचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम, घड्याळ बघायचा. पण आकडा तारेवरून येत असताना कॉम्प्युटर मधेच दुसऱ्या कामाला उठून जायचा आणि परतल्यावर शिळ्या आकड्यावर ताजी वेळ लिहायचा. तोवर आईचा हात दुसऱ्या बाजूला वळलेला. मग मोटर त्याला सावरायची कसली, आणखी धक्काच द्यायची.

स्वतःच्या नावानं बोटं मोडत तिनं ड्रायव्हर बदलला. आता आकडा तारेवरून निघायच्या अगदी आधी आणि पोचल्यावर लगेच वेळ टिपायची, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरला जागचं हलू द्यायचं नाही. आकडा किती जुना ते कळलं, की हात आत्ता कुठे असेल ते काढता येत होतं.

रविवारी दुपारी नमितानं पुन्हा टाकाऊ मूर्ती पुढे ठेवली.

"ती नको. खरी आण," चंद्रावती म्हणाली. "खोट्या डोळ्यांवर माझा हात चालत नाय."

"आई, चुकलं तर?"

"तर चुकलं."

तिनं मूर्तीला नमस्कार केला, श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. उजवा डोळा झाला. डावा झाला. नमिताला बघवेना. शेवटी तिनं पाहिलं तेव्हा आई मान तिरकी करून डाव्या डोळ्याकडे बघत होती.

"रेघ खाली आलीय बघ शेपटाला."

नमितानं मुठीकडे हात नेला. "मोटरनं ढकललं असेल. मी परत बघते, आई, मी..."

"मोटर नाय गो ती!" चंद्रावतीचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "डावी रेघ माझी पयल्यापासून खालीच येते. तुझा आजा ओरडायचा त्यावरून. थरथर लागल्यापासून मला ती दिसलीच नव्हती."

चंद्रावतीनं ब्रश रंगात बुडवला आणि म्हणाली, "पुढची आण."