अठरा किलोचं पिल्लू

"सेकार, तुमच्या किनाऱ्यावर कासवं जन्मतात की म्हशी?" कासव संवर्धन केंद्राच्या हेरू सरांनी संगणकात डोकं खुपसून विचारलं. पडद्यावर कासवाचं एकेक पिल्लू अठरा-वीस हजार ग्रॅमचं दिसत होतं, आणि अशा ओळी बारा हजार! सेकारच्या शाळेतल्या मुलांनी तीन हंगाम वाळूत बसून, पिल्लं तोलून लिहिलेल्या.

"दुपारी सगळ्या किनाऱ्यांचा अहवाल जायचाय. तुमचा किनारा वगळतो."

गप्प बसेल ती सेकार कसली! तिने मुलांची वजनांची वही उघडली. पहिलंच वजन होतं १८,५२५. जावा बेटावर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविरामच देतात. सरांचा नवा संगणक मात्र सिंगापूरहून आलेला. त्याच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे हजारांची खूण.

"सर, चूक आमची नाही, या पाहुण्याची आहे. त्याला आधी आपली रीत शिकवू."

तिने सेटिंगमध्ये इंडोनेशिया निवडून फाइल पुन्हा उघडली. झरझर सगळी पिल्लं अठरा-वीस ग्रॅमवर आली. मग मधल्या कुठल्याही वीस ओळी तिने वहीशी ताडून पाहिल्या. तंतोतंत!

सर ओशाळून हसले. "बरं बाई, ठेवला तुमचा किनारा अहवालात."

"आणि म्हशी?"

"त्या नेतो मी घरी!"