खऱ्या बिल्ल्याची पाठ

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना बिल्ला आहे. बोटभर लांब, आणि वयाने तुमच्या आजोबांहूनही मोठा. दुसऱ्या महायुद्धात शिपायाच्या खांद्यावर त्याच्या पलटणीचं नाव असायचं, ते नाव म्हणजे मी. कामठीच्या छावणीबाहेर एका ओतकाम करणाऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतलं. दिवस घाईचे होते, पोरं भराभर भरती होत होती. त्यामुळे माझं एक अक्षर तिरकं झालं आणि पाठीवर वाळूची खडबड तशीच राहिली. तिथे कुणी कानस फिरवली नाही. बिल्ल्याची पाठ बघतो कोण!

महार रेजिमेंटच्या शिपाई गोविंदाच्या खांद्यावर मी चढलो, तेव्हा मी किती फुशारलो होतो! गोविंदा वर्ध्याकडच्या तळेगावचा. घरी बायको आणि पाळण्यातला नानाजी. ब्रह्मदेशच्या डोंगरात माझ्या पाठीची एक कडी तुटली, तेव्हा गोविंदाने टेलिफोनच्या तारेचा तुकडा ओवून मला पुन्हा बांधलं. "पडू नोको बाबा, आपल्याले घरी जाचं हाये," असं तो मलाच म्हणाला.

तो घरी आला नाही. मी आलो, त्याच्या एका सोबत्याच्या खिशातून.

पुढे घरातली कागदपत्रं वाळवीने खाल्ली आणि गोविंदाची खूण म्हणून मी एकटा उरलो. नानाजी मोठा झाला, म्हातारा झाला, पण दर बुद्धपौर्णिमेला त्याने मला चिंच आणि राखेने घासायचं सोडलं नाही. मग स्वच्छ पुसून तथागतांच्या तसबिरीपुढे ठेवायचा. मी लखलखायचो. आणि खरं सांगतो, दर वर्षी थोडा झिजायचोही. पण इतक्या मायेने घासणाऱ्याला थांब कसं म्हणणार?

शेजारच्या पुंडलिकरावांना मात्र माझं कौतुक सोसत नसे. "नानाजी, तुया बाप काई लढाईत नाई गेलता. कलकत्त्यात राह्यला असन कोठी. असे बिल्ले बजारात भेटतात!" असं ते चारचौघांत म्हणायचे. नानाजी वरवर हसायचा. पण त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

यंदा जवळच्या आष्टीला जुन्या लष्करी चिन्हांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. वर्ध्याच्या अंजूताई, वर्षानुवर्षं असे बिल्ले जमवणाऱ्या, स्वतः मला न्यायला येणार होत्या. नानाजीचा नातू रुपेश नागपूरला नोकरीला असतो. त्याने माझी पुसट अक्षरं पाहिली आणि लोकांना नाव वाचता यावं म्हणून नानाजीला न सांगता तिथून तसाच दुसरा बिल्ला आणला. काय त्याचा रुबाब! अक्षरं खोल, कडा धारदार, वर जुनेपणाचा काळा रंग. माझ्या डबीत तो बसला आणि माझी रवानगी नानाजीच्या बायकोच्या, धुरपताबाईंच्या, सुईदोऱ्याच्या डब्यात झाली. नानाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने त्या नव्याच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि "आज कसा साफ लागून राह्यला!" म्हणून खूश झाला. मी बटणांमध्ये पडून नुसता चरफडलो.

अंजूताई आल्या. मागोमाग पुंडलिकरावही येऊन बसले. ताईंनी बिल्ला हातात घेऊन आधी उलटा केला.

"आबाजी, हा नवा आहे हो," त्या हळूच नानाजीला म्हणाल्या. "पाठ गुळगुळीत आहे, कड्या चिकटवलेल्या. काळा रंगही सगळीकडे सारखाच. वापरातली वस्तू अशी सारखी काळी होत नाही."

"मी काय म्हनलो होतो?" पुंडलिकराव म्हणाले.

नानाजीने हात पुढे करून तो बिल्ला पुन्हा चाचपला. रुपेशला ते पाहवलं नाही. "आबाजी, तो मी आनला. लोकांले नाव दिसलं पायजे म्हनून."

"अन् माह्या बापाचा कोठी हाये?"

धुरपताबाई उठल्या आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन आल्या.

अंजूताईंनी मला पालथं केलं आणि बराच वेळ पाहिलं. वाळूची खडबड पाहिली, जुनी तार पाहिली, अक्षरांच्या सांदीत अडकलेली राख पाहिली. "समोरून इतका कसा झिजला?"

"मी घासतो नं. दर सालाले."

"आता घासू नका, आबाजी. नाव जवळजवळ गेलंय."

नानाजी माझ्याकडे बघतच राहिला. "म्हनजे बापाची निशानी मीच पुसून टाकली काय?"

 मला तर वाटलं, वितळून जावं.

"असं नका म्हणू," ताई म्हणाल्या. "उंच भाग गुळगुळीत आणि सांदीत वर्षानुवर्षांची राख, ही झीज नक्कल करणाऱ्याला साधत नाही. हा त्याच काळचा आहे, हे मी छातीठोक सांगते. पण कोणाच्या खांद्यावर होता, ते पितळ पाहून मला कळणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

नानाजीने एकदा पुंडलिकरावांकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली.

"लिवा, बाई. शिपाई गोविंदा, राहनार तळेगाव. लढाईतून परत आला नाई. हे त्याचा पोरगा सांगते."

ताईंनी शब्दन् शब्द तसाच लिहिला. पुंडलिकराव खाली मान घालून ऐकत होते.

आता मी आष्टीला काचेखाली आहे, पाठ वर करून. तो नवाही शेजारी आहे, आणि त्याच्याखाली 'नक्कल' असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्यावर माझा राग नाही. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू घासून चकचकीत करू नका, कोरड्या सुती कापडात ठेवा. आणि त्या कोणाच्या, हे सांगणारं माणूस आहे तोवर त्याला विचारून घ्या. आम्हाला सगळं ठाऊक असतं, पण बोलता येत नाही. नानाजी काचेपाशी येऊन उभा राहतो, तेव्हा मला त्याला एवढंच सांगायचं असतं, की बाबा रे, तिकडे डोंगरात तुझा बाप झोपण्याआधी तुझंच नाव घ्यायचा.