तारेखालची गंजी

सोयरीक जुळवायला पाहुणे येणार म्हटलं की माणसाला आपली उंची अपुरी वाटू लागते. चिकोडीजवळच्या भरमूअण्णांचं तेच झालं. गुरुवारी त्यांच्या मुलीला, शालूला, आपल्या मुलासाठी पाहायला निपाणीकडच्या जवळच्याच गावचे जोतिबा येणार होते. आमच्याकडे पाहुणे मुलीआधी कडब्याची गंजी बघतात. गंजी उंच, तर घर मोठं!

अण्णांची गंजी विजेच्या तारेखाली होती. तिथं पीक घेत नसत, म्हणून जागा मोकळी. त्याच खांबांवर आता जुनी तार काढून जादा दाबाची नवी तार ओढली होती. ती जाड आणि जड, म्हणून मधोमध, नेमकी गंजीवर, खाली झुकलेली. बुधवारी चारला तिच्यात वीज सोडणार अशी दवंडीही झाली होती. तरी बुधवारी पावणेचारला अण्णांचा धाकटा भाऊ रवळू कडबा ओढायचं लांब लोखंडी दाताळं घेऊन गंजीच्या माथ्यावर उभा होता.

विजेच्या लाइनीवर काम करणारे चिंतामणी सायकल टाकून धावत आले.

"खाली उतर! पंधरा मिनिटांत तार चालू होतेय!"

"घाबरू नगा सायेब," अण्णा म्हणाले. "तारंवर कावळा बसलाय बघा. पाखरू बसलं की तार मेलेली. बारा वर्सं आमी आसंच बघतोय."

"चालू तारेवरही पाखरू बसतं, अण्णा! त्याचे दोन्ही पाय तारेवर, जमिनीशी त्याचा संबंध नाही. रवळूचं दाताळं लागलं तर वीज त्याच्या अंगातून जमीन गाठेल!"

"मग उलसं थांबवा की. दोन थर ऱ्हायल्यात."

"बटण इथून सात कोसांवर आहे. कुणाला सांगू?"

अण्णा अडून बसले. दहा मिनिटं उरली. तेवढ्यात शालू घरातून आली आणि तिनं गंजीला लावलेल्या शिडीला हात घातला.

"आप्पा, काकाला उतरवा, न्हायतर मी बी वर जाते. काकाचा जीव घालवून माझं लगीन जमवायचं व्हय?"

अण्णा गंजीकडे वळले. "रवळ्या! दाताळं टाक! उतर रं बाबा, उतर!"

रवळू खाली आला आणि थोड्याच वेळात तार गुणगुणू लागली. कावळा होता तिथंच बसला होता! अण्णांनी भावाचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी चिंतामणींनी आधी कळवून थोडा वेळ वीज बंद ठेवली आणि गंजी उतरवली. पेंड्या परसात अस्ताव्यस्त पडल्या होत्या. पाहायला आलेल्या जोतिबांनी विचारलं, "एवढाच कडबा?"

अण्णांनी मान खाली घालून सगळं खरं सांगितलं, कावळ्याचंसुद्धा. जोतिबा चहा न घेताच उठले. सोयरीक मोडली असं अण्णांना वाटलं.

"आवं, आमची बी गंजी त्याच तारंखाली हाय!" जोतिबा दाराकडे धावतच म्हणाले. "आमी बी पाखरंच बघतो. वीज परत सुटली की न्हाय? तुमी घर बघायला येणार म्हणून पोरगं आज वरचे थर चढवतंय!"

वीज तासापूर्वीच सुटली होती. अण्णांनी बैल जुंपले आणि दोघं गाडी भरधाव पळवत निघाले. लांबूनच दोघांनी हाका मारल्या. पोरगा सुखरूप उतरला. लग्नाची सुपारी तिथंच शेतात फुटली.

बंधुभगिनींनो, घराचं नाव गंजीच्या उंचीवर मोजायची खोड आपणच लावून घेतली आहे, ती आपणच सोडायची. पाहुण्यांना कडबा कमी दिसला तर दिसू द्या. घरातली माणसं पुरी असली पाहिजेत.