दोन हद्दींचा पास

लेकीने पास हातात ठेवला तेव्हा अक्काने तो आधी उलटसुलट करून पाहिला आणि मग कापड पारखावं तसा अंगठ्याने चोळला.

"हा दोन हद्दींचा आहे," लेक म्हणाली. "शहराचे तीन गोल समज. मधली पहिली हद्द, तिच्याभोवती दुसरी, बाहेरची तिसरी. पहिल्या दोन हद्दींत ट्राम म्हण, बस म्हण, हवं तितकं फिर. तिसरीत मात्र हा चालत नाही. मावशीकडे जायचं असेल तर तीन हद्दींचा आणते."

"नको," अक्का म्हणाली. "मला हद्दीत राहायला सांगितलंय."

लेकीने कपाळाला हात लावला. "रविवारी पासवाल्याबरोबर आणखी एक माणूस फुकट चालतं. तसं तरी जाशील? मी येते सोबत."

"मी कुणाच्या पासावर फिरणारी बाई नाही," असं म्हणून अक्काने पास पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन कर्रकन ओढली.

हद्दीचं प्रकरण असं होतं. अक्काने जन्मभर शिवणाचं दुकान चालवलं होतं. माप घेताना गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही, टेपचं ऐकायचं, हा तिचा खाक्या. काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या नव्या घरी ती राहायला गेली, तर तिथे बैठकीच्या खोलीत निळे पडदे, तेही जमिनीवर लोळणारे. लांब झालेलं कापड पाहिलं की अक्काचे हात शिवशिवतात. धाकटी बाजारात गेली तेवढ्यात तिने कात्री चालवली, खाली झकास दुमड घातली आणि शाबासकीची वाट बघत बसली. धाकटीने मुद्दाम लोळणारे पडदे शिवून घेतले होते. ती आली, पडद्यांकडे बघितलं, अक्काकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, हद्दीत राहा."

अक्का त्याच दुपारी सामान आवरून निघाली, ती तेव्हापासून हद्दीत राहत होती. दोघी बोलेनाशा झाल्या. बोलेनाशा म्हणजे एकमेकींशी. लेकीला फोन करून दोघीही विचारायच्या, "मला काही करायचं नाही, पण तिचा गुडघा कसा आहे?"

खरं सांगायचं तर अक्काचा जीव धाकटीसाठी तुटत होता. लेकीकडे येण्याचं निम्मं कारण तेच होतं. बॅगेत तळाशी पडद्यांची कापून काढलेली निळी पट्टी होती, इस्त्री करून, घडी घालून. पण बोलावल्याशिवाय जायचं, तेही ज्या घरातून ताठ मानेने निघालो तिथे, हे अक्काला मरणप्राय होतं. मोठेपणा फार वाईट. तो अंगाला घट्ट झाला तरी उसवता येत नाही.

मग एक दिवस ट्रामच्या खिडकीशी बसल्या बसल्या तिला युक्ती सुचली. आपण जाणं वेगळं आणि ट्रामने नेणं वेगळं. दुसऱ्या हद्दीतला शेवटचा थांबा पाण्याची टाकी. त्याच्या पुढचाच थांबा धाकटीच्या घराचा. एखाद्या वयस्कर बाईचा डोळा लागला आणि ट्राम तिला एक थांबा पुढे घेऊन गेली, तर त्यात बाईचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी अक्का बॅग मांडीवर घेऊन ट्राममध्ये बसली आणि टाकी यायच्या बऱ्याच आधी झोपली. झोप वठवण्यात तिने कसूर केली नाही. हलकंसं घोरलीसुद्धा. पण शेजारच्या बाईला अक्काच्या हातातला दोन हद्दींचा पास दिसला आणि नको तेव्हा माणुसकीचा उमाळा आला. "उठा, उठा, शेवटचा थांबा राहील तुमचा," असं म्हणत तिने अक्काला खांद्याला धरून खाली उतरवलं आणि वर हात हलवून निरोपही दिला.

त्यानंतरच्या खेपेला तिकीट तपासनीस आला. पोरगेलासा, मिशीला जपणारा. त्याने अक्काच्या हातातला पास पाहिला आणि अदबीने वाकून म्हणाला, "आजी, हद्द संपली."

"माझी?" अक्का डोळे न उघडता म्हणाली.

"पासाची."

अक्का चरफडत उतरली. परतीच्या ट्राममध्ये तिला अजिबात झोप आली नाही.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "काय काय पाहिलंस?"

"पाण्याची टाकी."

"ती तर काल पाहिलीस ना?"

"आज दुसऱ्या बाजूने पाहिली."

लेकही अक्काचीच होती. तिने गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ फोनवर कुणाशी तरी हसत होती. रविवारी सकाळी अक्का निघाली तेव्हा लेक म्हणाली, "आज मागच्या बाकावर बस, तिथे ऊन लागत नाही." अक्काला लेकीची ही काळजी फार आवडली.

मागच्या बाकावर बसून अक्काने स्कार्फ नाकापर्यंत ओढला, पास पर्सच्या आतल्या कप्प्यात दडवला आणि मन लावून झोपली. मधल्या एका थांब्यावर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. अक्काने पाहिलं नाही. झोपलेल्या माणसाने बघायचं नसतं. टाकी आली, आणि तपासनिसाच्या बुटांचा आवाजही आला.

"आजी, उठा. तुमची हद्द—"

"झोपू द्या तिला," शेजारून कुणीतरी म्हणालं. "ती माझ्याबरोबर आहे. हा माझा तिन्ही हद्दींचा पास. आज रविवार आहे ना?"

अक्काचं घोरणं घशातच अडकलं. तो आवाज धाकटीचा होता.

तपासनिसाला संशय आला. "या आजी मागच्या खेपेला एकट्याच होत्या. इथवर अशाच झोपून आल्या होत्या. तुमच्या कोण लागतात?"

धाकटीने पर्सची चेन उगाच उघडली, मिटली. अक्काने स्कार्फच्या आत श्वास धरून ठेवला. सख्ख्या बहिणीने एवढ्या उत्तराला इतका वेळ लावावा याचं तिला वाईट वाटलं. आपण केवढा काळ लावला तेही तेव्हाच आठवलं, आणि डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या.

"माझी थोरली बहीण आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "झोपलेली असताना फार गुणाची आहे."

तपासनीस मिशीतल्या मिशीत हसत पुढे गेला. ट्राम हलली. खिडकीतून टाकी मागे पडली असणार, पण अक्काने डोळे काही उघडले नाहीत. आता उघडावेत तर बोलावं लागणार, आणि आधी कोण बोललं हा हिशेब पुढे जन्मभर राहणार. धाकटी थोरलीला ओळखून होती. तिने बहिणीच्या मांडीवरच्या बॅगेवर हात ठेवला आणि समोर बघत हळूच म्हणाली, "तुला हद्दीत राहा म्हटलं ते पडद्यांपुरतं होतं गं. माझ्या घरी येऊच नकोस असं कधी म्हटलं मी?"

अक्काच्या गालावरून एक थेंब स्कार्फमध्ये गेला. झोपेतही येतं कुणाकुणाच्या डोळ्यांतून पाणी.

"ते पडदे अजून तसेच आखूड आहेत," धाकटी म्हणाली. "खालून ऊन येतं. दुसरे घ्यायला मन झालं नाही."

स्कार्फच्या आतून, मिटल्या डोळ्यांनी, अक्का म्हणाली, "पट्टी आणलीय. सुईदोरा आहे का घरी?"

"आहे."

"झोपायच्या खोलीतले पडदेही लांबच होते, म्हणा."

"अक्का."

"बरं बाई," अक्का म्हणाली. "नुसती पट्टी जोडते."

"ऊठ आता," धाकटीने बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. "माझं घर आलं."