गच्चीवरच्या पिंपातली जाळी

अर्जेंटिनातल्या आमच्या रोसारिओच्या घरात कचऱ्यावर माझी सत्ता आहे. गच्चीवरचं खताचं पिंप माझं, नियमही माझे. ओस्वाल्दोमामा मला इन्स्पेक्टरबाई म्हणतो.

मामा बस चालवतो. घरी तो माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा काढा, नळीनेच ओढतो, पण कामावर पिशवीतला, चहासारखा गरम पाण्यात बुडवून. वापरलेल्या पिशव्या घरी आणायचा आणि एकेक फाडून फक्त पाला पिंपात टाकायचा.

"मामा, फाडत काय बसतोस? कागदच आहे, कुजेल."

"मला नाही हा कागद वाटत. फाटता फाटत नाही गं."

"शाळेत कोण जातं, तू की मी?"

त्या दिवसापासून बिचारा अख्ख्या पिशव्या टाकू लागला.

शाळेच्या बागेत टोमॅटो लावायचे ठरले, तेव्हा मी वर्गात सांगून टाकलं: खत माझं! शंभर टक्के शुद्ध, प्लास्टिकचा कणही नाही.

आदल्या संध्याकाळी खत चाळायला घेतलं. काळंभोर, भुसभुशीत. आणि चाळणीत एक पिशवी. मग दुसरी, मग दहा. कागद कुजलेला, पण आतली पातळ जाळी शाबूत. काडी लावली, तर राख होण्याऐवजी आकसून तिचा टणक मणी झाला. प्लास्टिक! कागदात दडून बसलेलं.

मामा मागेच उभा. "इन्स्पेक्टरबाई, हा कागद कधी कुजतो?"

"मामा, गप रे!"

"नाही, शाळेत शिकवत असतील म्हणून विचारलं."

मग तोही शेजारी बसून वेचू लागला. "मोठ्या निघाल्या बघ. बारीक तुकडे कोण बघतंय? ने उद्या."

"मी बघतेय ना! टोमॅटो आम्हीच खाणार आहोत."

सकाळी मी शाळेत खत नेलंच नाही, नुसत्या जाळ्या नेल्या. एक उंच धरली. "माझं खत बागेत नको. ह्या मीच टाकायला लावल्या होत्या."

"शंभर टक्के शुद्ध!" मागून फाकुंदो ओरडला. वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले, पण मी बसले नाही.

नेलिदाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जाळी घेतली, ताणून पाहिली.

"सगळ्याच पिशव्यांत असते ही?"

"सगळ्यांत नसेल, बाई. पण वरून ओळखू येत नाही."

"अरे देवा," बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या पिंपात तीन वर्षांच्या आहेत."

रोपं साध्या मातीत लावली. शनिवारी मी बाईंकडे चाळायला जाणार आहे. मामालाही यायचंय, पण त्याला नेणार नाही. फार बोलतो.