दहातली एक आजारी पेशी

इमारतीच्या लिफ्टची देखभाल करणारे त्यांचे दीर जिन्यातून ‘वहिनी’ अशी खणखणीत हाक मारायचे, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतही त्या सगळ्यांच्या वहिनीच झाल्या होत्या. बावीस वर्षं त्या तिथे तंत्रज्ञ होत्या. गेल्या दोन वर्षांत मात्र एका प्रयोगापुढे सगळ्यांनीच हात टेकले होते.

काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांना विषाणूची लागण करायची आणि आतली प्रथिनं कशी बदलतात ते यंत्रावर मोजायचं. पण लागण केलेल्या पेशींची बशी आणि निरोगी पेशींची बशी, दोन्हींचे आकडे जुळ्या भावंडांसारखे यायचे. विभागप्रमुख मॅडमनी प्रयोग गुंडाळायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

त्या सोमवारी वहिनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या. लागण झालेली पेशी हिरवी चमकावी, अशी सोय विषाणूतच केलेली होती. हिरव्या पेशी मोजल्या तर दहात जेमतेम एक. पुन्हा मोजल्या, तरी तेच. त्या तडक मॅडमच्या खोलीत गेल्या.

“आपण दहाही पेशी एकत्र वाटून त्यांची प्रथिनं मोजतोय,” वहिनी म्हणाल्या. “नऊ धडधाकटांच्या गलक्यात त्या एका आजारी पेशीचं कोण ऐकणार? आधी तिला बाजूला काढू या.”

 मॅडमनी विचारलं, कसं. वहिनींकडे उत्तर तयार होतं. पेशीत शिरला की तिच्या अंगावर खूण उमटवील असा विषाणू तयार करायचा, त्या खुणेला चिकटणारे बारीक लोहकण सोडायचे आणि हव्या त्या पेशी चुंबकाने ओढून घ्यायच्या.

त्या तयारीत तीन महिने गेले आणि ऐन वेळी नेहमीचा रक्तदाता सर्दीने आडवा झाला. वहिनींनी भाऊजींना गाठलं. लिफ्टच्या खोल पोकळीत दोराला लटकून काम करणारा हा गडी सुई पाहून पांढराफटक पडला. पण भावजयीला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. डोळे गच्च मिटून त्यांनी रक्त दिलं आणि वर कॉफी वसूल केली.

पुढच्या गुरुवारी दुपारी आकडे आले. विषाणूला अडवणारं एक प्रथिन चुंबकाने ओढून घेतलेल्या पेशींतून जवळजवळ नाहीसं झालं होतं. त्याच बशीतल्या निरोगी पेशींत ते शाबूत होतं. विषाणू आत शिरून पहारेकऱ्याचाच काटा काढत होता. मॅडमनी आणखी तिघांच्या रक्तावर प्रयोग करून घेतला. तिन्ही वेळा तेच.

विभागाच्या बैठकीत मॅडमनी आलेख भिंतीवर लावला. “ही युक्ती वहिनींची,” त्या म्हणाल्या. “शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं.” सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. वहिनींना चष्मा काढून पुसावा लागला.

तोवर भाऊजींचं लिफ्टमधल्या प्रत्येकाला ते रक्त कुणाचं हे सांगून झालं होतं. खाली जाताना त्यांनी विचारलं, “वहिनी, आता औषध निघणार का?”

“त्याला वेळ आहे, भाऊजी. पण घाव कुठे घालायचा ते आता कळलं.”

सोमवारी वहिनी अर्धा तास आधीच कामावर आल्या. विषाणूचा नेमका कोणता भाग ते प्रथिन संपवतो, हे शोधायचं होतं.