पाणी न शिवलेला रिसीव्हर

पाणी चढायला लागलं तेव्हा अश्वजितने आधी मला, त्याच्या आईला, माळ्यावर चढवलं, मग त्याच्या बाबांना, सुहासना, आणि शेवटी टर्नटेबल. अ‍ॅम्प्लिफायर जड होता, तो खालीच राहिला. सावित्री नदी ओसरली तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. त्या चिखलात अ‍ॅम्प्लिफायर कुठे गेलाय ते पायाने चाचपून शोधावं लागलं. अश्वजितनेच शोधला, अनवाणी. घरात गमबूटांचा एकच जोड होता आणि तो त्याने बाबांच्या पायात घातला होता.

पुढच्या आठवड्यात त्याला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, लेप्टो. चिखलातून होतो, पायाला बारीक जखम असली तरी पुरते. मुंबईला हलवलं. तिथे शुद्धीत असला की तो आजाराचं सोडून घरचंच बोलायचा.

"बाबा, अ‍ॅम्प्लिफायर गेला तर जाऊ दे. आपण जुना रिसीव्हर बघू. जपानी. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात, आणि नव्यापेक्षा स्वस्त. वॉट कमी असले तरी चालतील, आपली खोली केवढीशी. फक्त मागे फोनो लिहिलेलं भोक पाहिजे हां. नाहीतर टर्नटेबल मुका."

"बघू," सुहास म्हणाले. "तू घरी ये, मग बघू."

तो घरी आला नाही.

त्याचं पहिलं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी मी विहारात बसून संकल्प केला, की वर्षाच्या आत त्याची एकेक वस्तू दान करीन. कपडे गेले, पुस्तकं गेली. टर्नटेबल मी दासगावच्या विहाराला कबूल केला. तिथे जुन्या गायन पार्टीच्या तबकड्या गोणपाटात बांधून पडल्या आहेत, वाजवायला काही नाही. चंपाबाई तिथल्या जुन्या उपासिका, त्यांनी माझा हात धरून "साधू, साधू" म्हटलं होतं.

सुहास म्हणाले, "दे. पण आधी आपल्या घरात एकदा वाजू दे. त्याने लावलेली तबकडी तशीच आहे त्यावर."

खरंच होती. त्याने माळ्यावर चढवताना काढली नव्हती, आणि नंतर आम्ही कुणी काढली नाही. बासरीची होती. मी म्हटलं, बरं. एकदा वाजवू आणि वर्षाच्या पुण्यानुमोदनाला रिसीव्हरसकट देऊन टाकू.

मग सुहास रिसीव्हर शोधायला लागले.

बाजारपेठेत हर्षदचं दुरुस्तीचं दुकान आहे. अश्वजितबरोबर शिकलेला पोरगा. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी पौर्णिमा होती, माझा उपोसथ. त्या दिवशी मी गाणं ऐकत नाही आणि दुकानात तर मोठ्याने चालू होतं, म्हणून मी पायरीवरच थांबले. हर्षदने माझी पांढरी साडी पाहिली आणि न सांगता गाणं बंद केलं.

त्याने एक रिसीव्हर काढून ठेवला होता. पुढे चांदीसारखी पट्टी, आत हिरवा दिवा, हाताला जड बटणं. "काका, असा पीस मिळत नाही. एका बाजूला तीस वॉट. लावून दाखवू?"

सुहासनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि आत नाक घातलं.

"काका, लोक वॉट विचारतात. तुम्ही वास काय घेताय?"

"हा बुडालेला आहे."

"अहो, महाडात न बुडालेलं काय आहे? मीपण बुडालोय. साफ केलाय मी, थिनरने एकेक पार्ट धुतलाय."

सुहासनी एका स्क्रूच्या खाचेत नख घातलं आणि हर्षदपुढे धरलं. नखात वाळलेला, पिवळट, पिठासारखा गाळ होता.

"हे माझ्या घरात येणार नाही," सुहास म्हणाले.

त्यानंतरचे सगळे असेच गेले. कुणी ओळखीचा माणूस सांगायचा, आम्ही जायचो, हे झाकण उघडायचे. एक सेट कसा वाजतो म्हणून ऐकला असेल तर शपथ. मुंबईच्या एका विक्रेत्याने फोटो पाठवले, ते हर्षदने मोठे करून दाखवले.

"मुंबईचा नको," सुहास म्हणाले. "आपल्याकडचा बुडालेला माल ट्रक भरभरून तिकडेच गेला."

"काका, तुम्हाला रिसीव्हर पाहिजे का वाळवंट?"

मला हसू आलं. सुहासना नाही आलं.

वर्ष भरत आलं तेव्हा हर्षदनेच पत्ता दिला. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला एक वाडी आहे, तिथे भागोजी म्हणून एक म्हातारे. त्यांच्या भावाने पुराच्या कितीतरी वर्षं आधी मुंबईहून आणलेला रिसीव्हर, भाऊ वारला, यांना काढायचाय. एसटीने पोलादपूर आणि पुढे रिक्षा, असे गेलो. रिक्षा खालीच थांबली. उरलेली चढण सुहास माझ्यापुढे चढले, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा भराभर.

"पाणी आलं होतं का इथे?" ओट्यावर टेकायच्या आत त्यांनी विचारलं.

भागोजी हसले. "पान्याला हितवर यायला शिडी लागंल. आमाला दरडीचं भ्याव, पान्याचं नाय."

रिसीव्हर फळीवर भिंतीला चिकटून होता, वर विणलेला रुमाल. त्यावर मांजर झोपलेलं.

"रेडू लावला की गरम हुतो ना," भागोजींची बायको ठमाबाई म्हणाल्या, "मंग ही सटवी हालत नाय. ऊठ गो! पावनं आल्यात, तुजं सिंव्हासन इकाया काडलंय."

सुहासनी झाकण उघडलं. आत चुलीचा धूर बसला होता, कोळ्याची जाळी होती, मांजराचे केस होते. गाळ नव्हता. त्यांनी सगळ्या स्क्रूंच्या खाचा नखाने तपासल्या. मग नाक आत घालून बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं रडतायत, पण वर आले तेव्हा डोळे कोरडे होते.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

भागोजींनी बटण फिरवलं. आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी काही चाललं होतं, आवाज स्वच्छ. ठमाबाईंनी रुमालही आम्हाला देऊन टाकला. रिक्षात सुहासनी तो डबा मांडीवर धरला होता, घाटाचं वळण आलं तेव्हा दोन्ही हातांनी कवटाळला.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी हर्षद जोडून द्यायला आला. टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या वायरी हातात घेऊन तो डब्याच्या मागे वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"काका, फोनो नाहीय याला."

मी सुहासकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"हा कॅसेटच्या काळातला. तेव्हा फोनो द्यायचं बंद करत आले होते. बघा, टेप आहे, ऑक्स आहे." त्याने वायरी तिथेच खुपसल्या आणि सुई तबकडीवर सोडली. आवाज सगळा वर केला तेव्हा खूप लांबून, घराबाहेरून कुठूनतरी बासरी आल्यासारखी वाटली. तीही घरघरीत बुडाली.

"सुईचा आवाज मुळात बारीक असतो, काकू. फोनोतून गेला तरच मोठा होतो. पण टेन्शन नाय. वायरीच्या मधे लावायला छोटा डबा येतो, माझ्या दुकानात पडलाय एक. आत्ता आणतो, पाच मिनिटांत वाजेल."

"नको," सुहास म्हणाले.

"बुडालेला नाय हो तो, नवा आहे. खोक्यात आहे."

"नको म्हटलं ना. दुसरा रिसीव्हर बघू. मागे फोनो असलेला. घाई काय आहे?"

हर्षदने माझ्याकडे पाहिलं. उद्या टर्नटेबल जायचा हे त्यालाही ठाऊक होतं. तहसीलच्या कचेरीत आयुष्यभर कागद तपासलेला हा माणूस. एक सही राहिली असेल तर अर्ज परत पाठवणारा. मुलाने शेवटी सांगितलेली एकुलती एक अट तो विसरेल? मी विचारलं नाही. त्यांच्या हातात ठमाबाईंचा रुमाल होता, त्याची ते घडी घालत होते आणि मोडत होते.

"जा तू, हर्षद," मी म्हटलं. "उद्या जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, परित्राणपाठ झाला. सुहास पाठापुरते बाहेर बसले आणि मग आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. जेवणं आटपल्यावर चंपाबाई उठल्या. त्यांनी टर्नटेबल गुंडाळायला घरून धुतलेली गोधडी आणली होती, दारात रिक्षाही उभी केली होती.

"कुठाय गो, निशा? दे, पाऊस यायच्या आत पोचतो."

मी आतल्या दारापर्यंत गेले. फटीतून दिसलं. हे खुर्ची ओढून टर्नटेबलसमोर बसले होते. काही लावलेलं नव्हतं. तबकडीवरची धूळ पंचाच्या कोपऱ्याने पुसत होते, एकाच दिशेने, अश्वजित पुसायचा तशी.

मी परत आले. "चंपाआजी, आज देत नाही."

"म्हंजे?"

"आज नाही जमणार."

"शब्द दिलावतास तू. बुद्धापुढं बसून." त्यांचा आवाज चढला तशी ओसरीवरची माणसं बघायला लागली. "आमी गोनपाट सोडून, तबकड्या पुसून ठेवल्यात. आता त्यास्नी काय सांगू? का आपल्या आपणच गातील त्या?"

"चुकलं माझं."

"मंग कदी देशील ते तरी सांग."

मला तारीख सांगता आली असती. पुढची पौर्णिमा म्हटलं असतं तर त्या शांत झाल्या असत्या आणि लोकांसमोर माझी लाज राहिली असती. पण सकाळीच पंचशील घेतलं होतं, खोटं कसं बोलू? "सांगता येत नाही," मी म्हटलं. भंतेजी पात्र आवरत होते, त्यांनी मान वर केली नाही. चंपाबाईंनी गोधडी उलगडली, पुन्हा घडी केली, काखेत मारली आणि रिक्षात जाऊन बसल्या.

सगळे गेल्यावर सुहास बाहेर आले. ताटाजवळ बसले, पण हात लावला नाही.

"गेल्या का दासगावच्या?"

"गेल्या."

"काय बोलल्या?"

"काही नाही. जेवा."

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "वीरला एकाकडे रिसीव्हर आहे म्हणतात. स्टेशनच्या वरच्या अंगाला घर आहे. तिथे पाणी चढत नाही."

बाहेर पाऊस लागला होता. मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

"जाऊ या," मी म्हटलं.